गावच्या घराची मागची पडवी दहा-अकरा हजारांत कशी नीट केली

आमचं घर राजापूर तालुक्यात, आई तिथे असते, आम्ही ठाण्याला. पुढची ओटी, खळं वगैरे सगळं नीट आहे कारण पाहुणे तिकडून येतात. मागलं दार मात्र कुणी बघत नाही म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं, आणि गंमत म्हणजे आईचा अर्धा दिवस तिथेच जातो. मासे तिथे, नारळ तिथे, आमसुलं तिथे, शेजारच्या काकूंबरोबर गप्पा पण तिथेच. तर गेल्या वर्षी ठरवलं की दहा हजारांत ही पडवी नीट करायची. लागले 11,220. हिशोब मधेमधे देते, पण दर गावागणिक वेगळे असतात त्यामुळे आकड्यांपेक्षा पैसे कुठे जातात ते बघा.

मोजमाप सांगते म्हणजे अंदाज येईल: 19 फूट लांब, 7 फूट रुंद, मागे जांभ्या चिऱ्याची गिलावा केलेली भिंत, पुढे चार लाकडी खांब, वर मंगळुरी कौलं, खाली सिमेंटचा कोबा, एका टोकाला न्हाणी. कोकणात बहुतेक पडव्या अशाच असतात, थोड्या इकडेतिकडे.

मी पण आधी मोबाईलवर फोटो बघून यादी केली होती, रंगीत कुंड्या, लायटिंगच्या माळा, झोपाळा. आईने यादी ऐकली आणि म्हणाली, "ता सगळा कर गो, पण आधी माझ्या डोक्यावर पडणारा पाणी थांबव." ते एकच वाक्य पुरलं. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे पडवीला जे काही होतं ते पाण्यामुळे होतं. रंग उडतो पाण्याने, खांब कुजतो पाण्याने, वाळवी येते ओलीमुळे, फरशीवर शेवाळ धरतं तेही त्यामुळेच. म्हणून आधी पाणी वरून कुठून येतं, बाजूने कुठून येतं आणि खालून कुठून चढतं ते शोधायचं, शोभा नंतर.

कामाचे तीन भाग केले कारण सलग सुट्टी कुणालाच नसते: दिवाळीनंतर चार दिवस, शिमग्याला पाच दिवस, आणि मे महिन्यात आठवडा. मला वाटतं हे उलट बरंच झालं, कारण मधल्या काळात भिंत सुकली. घाईत एकाच खेपेत केलं असतं तर ओल्या भिंतीवर चुना मारून मोकळे झालो असतो.

दिवाळीनंतर: बघायचं आणि धुवायचं

पाऊस नुकताच गेलेला असतो तेव्हा डाग ताजे असतात, त्यामुळे तपासणी तेव्हाच करायची. भर दुपारी पडवीत उभं राहून वर बघा, जिथून उन्हाची तिरीप येते तिथून पाणी येतं, सोप्पं आहे. प्रत्येक ठिकाणी खालच्या वाशावर खडूने खूण करा. आमच्याकडे अकरा खुणा झाल्या, त्यातल्या निम्म्या तरी वानरांच्या कृपेने. कौल फुटलेलं नसेल, नुसतं सरकलेलं असेल तर वेगळी खूण करा, म्हणजे उगाच जास्त कौलं विकत घेतली जात नाहीत.

मग खांब. टोकदार सळी किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाच्या तळाला टोचून बघा, वर हाताने वाजवून बघा. पोकळ आवाज आला किंवा सळी लोण्यासारखी आत गेली तर वाळवी नाहीतर कुज. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर ती वाळवीची वाट. नुसती झाडून टाकली की दोन दिवसांत परत बांधते, म्हणून ती कुठून निघते ते बघून ठेवा. आमची निघत होती भिंतीला टेकवून रचलेल्या लाकडांतून. मग सगळी लाकडं उचलून चिऱ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचली. फुकटचं काम आणि सगळ्यात उपयोगाचं, शिवाय खालून झाडू फिरतो त्यामुळे विंचू-किरडूची भीती कमी.

शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर. दहा लिटरच्या बादलीला साधारण 150 ग्रॅम, नीट ढवळून, निवळलं की वरचं पाणी फरशीवर आणि भिंतीच्या काळ्या भागावर ओतायचं, वीस मिनिटं ठेवून खराट्याने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. यात अ‍ॅसिड किंवा बाथरूम क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जुने कपडे घाला, नव्या कपड्यांचं वाटोळं होतं. शहाबादी फरशी असेल तर अ‍ॅसिडने धुवायचा मोह टाळा, ती चुनखडीचीच असते, अ‍ॅसिड तिला खातं.

भिंतीला लोणा लागलेला असेल, म्हणजे मिठासारखी पांढरी पूड, तर तो धुवायचा नाही. कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडून पूड झाडून लांब टाकायची. पाण्याने धुतलात तर ते मीठ परत भिंतीत जातं आणि रंगावर पुन्हा फुटून येतं.

शिमग्याला: कौलं, पन्हळ, पावळी, कोबा

कौलांसाठी नवीन आणायला जाऊ नका. गावात कुणीतरी जुनं घर पाडून स्लॅब टाकत असतंच, त्यांच्याकडे जुनी कौलं ढिगाने पडलेली असतात. आम्ही 40 नग 15 रुपयांनी घेतले, 600 रुपये. जुनं कौल घेताना बोटाच्या पेराने वाजवायचं, खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. आणि आपल्या छपरावरचं एक कौल बरोबर न्यायचंच, कारण कारखान्या-कारखान्याची खाच वेगळी असते, दोन वेगळ्या बनावटीची कौलं एकमेकांत बसत नाहीत आणि त्या फटीतून परत पाणी. (त्या ढिगात बासेल मिशनचा शिक्का असलेली दोन निघाली. 1860 च्या दशकात मंगळुरात ज्यांनी कौलांचा कारखाना काढला ते हे लोक. ती छपरावर नाही घातली, ठेवलीत.)

पडवीचं छप्पर ठेंगणं असतं, त्यामुळे सरकलेली कौलं खालूनच शिडीवर उभं राहून बसवता येतात, वरचं कौल जरा उचलायचं आणि खालचं त्याच्या आत सरकवायचं. वर चढायची वेळ आली तर माणूस लावा, आणि तो पण सकाळी दव सुकल्यावर चढेल असं बघा. आम्ही एक गवंडी आणि एक गडी दोन दिवस घेतला, गवंड्याचे 900 रोज आणि गड्याचे 600, मिळून 3000. त्याच दोन दिवसांत कौलं पण आणि कोबा पण उरकून घेतला. माणसं बोलवायच्या आधी सगळं सामान जागेवर हवं, नाहीतर वाळू येईपर्यंत ते तंबाखू मळत बसतात आणि रोज चालू राहतो, त्यात त्यांची काही चूक नसते.

आता पन्हळ. पत्र्याची तयार पन्हळ महाग पडते आणि खाऱ्या हवेत पाच-सहा वर्षांत गंजते. त्यापेक्षा सहा इंची पीव्हीसी पाईप घ्या, 20 फुटी, आणि मधोमध उभा चिरून दोन भाग करा. एका पाईपच्या दोन पन्हळी होतात. चिरण्याआधी दोन्ही बाजूंना दोरी ताणून पेनने रेघ मारा, नुसत्या नजरेने कापला तर साप गेल्यासारखी वाकडी कड येते, आमची पहिली दोन फूट तशीच आहे. वाशांच्या टोकांना लोखंडी पट्टीचे हूक दर अडीच फुटांवर ठोकायचे आणि त्यात पन्हळ बसवायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन इंच उतार पुरतो, पाण्याच्या नळीने लेव्हल बघून घ्या. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो म्हणून बाहेरून ऑइल पेंटचा एक हात द्या, घरात उरलेला कुठलाही चालतो. पाईप 1900, हूक 400. उरलेली अर्धी पन्हळ न्हाणीच्या बाजूला लागली. पाणी पुढे कुठे जाणार ते आधी ठरवा बरं का, आम्ही वहाळाकडे उतार काढून दिला. पावसाळ्यात माडाच्या आळ्यात सोडायची काही गरज नसते.

पन्हळीचं बजेट नसेल तर निदान पावळी तरी करा, म्हणजे पागोळ्या जिथे पडतात ती रेघ. तिथे फूटभर रुंद आणि अर्धा फूट खोल चर खणायचा आणि त्यात फुटकी कौलं, चिऱ्याचे तुकडे, खडी जे मिळेल ते भरायचं. पाणी मातीवर आपटून उडायचं थांबतं. भिंतीवर आणि खांबांवर दोन फुटांपर्यंत जी तांबडी शिंतोड्यांची नक्षी होते ती सगळी यामुळेच असते. आम्ही पन्हळ लावून पण पावळी केली, कारण जुलैत पाऊस असा कोसळतो की पन्हळीवरून उडी मारून जातो. शून्य खर्च, दोन भाच्यांना कामाला लावलं.

कोब्याला भेगा होत्या आणि मधे खळगा, तिथे पाणी साचायचं. सगळा कोबा उखडायची गरज नसते, गवंडी मात्र तेच सुचवेल. भेग छिन्नीने जरा रुंद करून घ्यायची, आत रुंद आणि वर अरुंद अशी झाली तर उत्तम, म्हणजे माल निसटत नाही. धूळ पूर्ण काढायची, पाणी मारायचं, सिमेंटचं दाट पाणी ब्रशने लावायचं आणि ते ओलं असतानाच एकास तीन (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मालाने भरायचं. खळगा भरताना उतार बाहेरच्या बाजूला, सात फुटाला एक इंच तरी हवाच. वर तुळतुळीत घोटाई करू देऊ नका, पावसात त्यावर माणूस पडतो, आमच्या काकूंचा मनगटाचा हाडवैद्य अशाच एका गुळगुळीत पडवीमुळे ठरला. किंचित खरखरीत ठेवा. नंतर सात दिवस गोणपाट ओलं करून त्यावर ठेवायचं, आई दिवसातून तीनदा पाणी मारत होती. सिमेंट दोन पोती आणि वाळू मिळून 1300.

इथपर्यंत 7200 रुपये गेले आणि फोटो काढण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं. भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतोय "काय केलंत दाखवा", आणि दाखवायला काय, तर पाईप.

मे महिना: लाकूड, चुना आणि मग बाकीचं

लाकडाला पॉलिश वगैरे नको. वाळवीचं औषध आणायचं, हातमोजे घालून खांबाच्या तळाला आणि वाळवीच्या वाटेवर मारायचं, पोकळ जागी भोक पाडून सिरिंजने आत सोडायचं. ते सुकल्यावर काजूच्या टरफलांचं तेल, आमच्याकडे पूर्वी होड्यांना पण हेच लावायचे. लाकूड काळपट तपकिरी होतं आणि किडा लवकर जवळ येत नाही. पण सांभाळून, ते तेल अंगाला लागलं की बिब्यासारखं उततं. हाताला आधी खोबरेल चोळा, त्यावर हातमोजे, आणि मुलांना दोन दिवस खांबांपासून लांब ठेवा. दोन्ही मिळून 700. काही लोक गॅरेजचं जळकं ऑइल लावतात, फुकट मिळतं म्हणून, मला ते चुलीच्या आणि खाण्याच्या जागेजवळ पटत नाही. एक खांब तळाशी सहा इंच कुजला होता, तो कापून खाली चिरा तासून तळखडा बसवला, लाकूड जमिनीला टेकतच नाही आता. हे करताना वरच्या भाराला दुसरा टेकू आधी द्यायचा, सांगायला नको पण सांगते.

भिंतीचं बोलू. तीन वर्षांपूर्वी भावाने हौसेने याच भिंतीला महागातला बाहेरचा प्लास्टिक रंग मारला होता. पहिल्याच पावसात फोड आले आणि गणपतीपर्यंत पापुद्रे हातात यायला लागले. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, पण चूक रंगाची नव्हती. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि ते पाणी त्याला हळूहळू बाहेर सोडायचं असतं. वरून प्लास्टिकचा थर दिला की ओल आत कोंडते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, वर तो इतका तिखट असतो की बुरशी सहज धरत नाही, आणि सगळ्यात स्वस्त. जुने लोक वेडे नव्हते.

आधी तो प्लास्टिक रंग पत्र्याच्या पट्टीने पूर्ण खरवडला, दीड दिवस गेला, चुना त्यावर धरत नाही त्यामुळे इलाज नाही. चुन्याची कळी 8 किलो आणली. पत्र्याच्या डब्यात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात थोडी थोडी कळी टाकायची. कळीवर पाणी ओतायचं नाही, आणि प्लास्टिकची बादली तर अजिबात नाही कारण चुना उकळतो, बादली वितळते. तोंड लांब ठेवा, चष्मा किंवा गॉगल घाला, डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टर. चोवीस तास मुरू द्या, दोन-तीन दिवस ठेवलात तर अजून चांगलं. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून ताकाइतका पातळ करा. त्यात दोन मुठी मीठ, तांब्याभर भाताची पेज आणि पांढरेपणासाठी चमचाभर नीळ.

भिंतीवर आधी पाणी मारायचं, मगच चुना, कोरड्या भिंतीवर चुना मारला की तो पूड होऊन कपड्यांना लागतो. पहिला हात मारलात की वाटेल काहीच दिसत नाही, फसवणूक झाली. थांबा. सुकताना पांढरा होत जातो. जाड हात देऊन लवकर उरकायचा प्रयत्न केला की तडकतो, त्यामुळे पातळ तीन हात, रोज एक. मे महिन्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच मारायचा. खालचे तीन फूट चुन्यातच काव मिसळून तांबडे केले, वर पांढरं. शिंतोडे दिसत नाहीत, पाठ टेकली तर डाग दिसत नाही, आणि आमच्या आजीच्या वेळी पण असंच होतं म्हणे. काव, ब्रश सगळं धरून 650. दर दोन वर्षांनी एक हात मारावा लागेल, पण ते एका सकाळचं काम.

यानंतर शोभा. माणगा बांबू सहा नग, 70 रुपयांनी 420, आणि सुंभ 150. माणगा आमच्याकडे परसात होतो, बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो त्यामुळे वाकत नाही. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला घ्या, आणि जमलं तर दोन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, भुंगा कमी लागतो. दोन बांबूंचं वलण केलं, सुंभाने वाशाला टांगून, एक कपड्यांना आणि एक कांद्याच्या माळा, सुपं, टोपल्या अडकवायला. इतकी वर्षं या वस्तू फरशीवर पसरलेल्या असायच्या, त्या वर गेल्यावर पडवी दुप्पट झाली असं वाटलं. खरं सांगायचं तर रंगापेक्षा जास्त फरक याने पडला.

बाक चिऱ्यांचा. दोन्ही टोकांना दोन-दोन चिरे एकावर एक, वर जुन्या दाराची फळी घासून, तेल पाजून. चिरा एका माणसाने उचलू नका, पंचवीस-तीस किलो तरी असतो. वय झालेल्या माणसांसाठी बाक 17-18 इंच उंच हवा, त्याहून बुटका असला की उठताना गुडघे बोलतात. आमचे चिरे सात इंची निघाले म्हणून मधे शहाबादीचे तुकडे घालून उंची केली आणि सिमेंटने पक्कं केलं. नुसते रचून ठेवू नका, पोरं चढतात. स्क्रू, सँडपेपर, किरकोळ धरून 500.

दिवा: आधी एक पांढरा बल्ब लोंबकळत होता. आता पिवळसर प्रकाशाचे दोन एलईडी, एक पाटा-वरवंट्याच्या वर आणि एक न्हाणीकडे. पहिल्या पावसात पंखांची पाखरं पांढऱ्या उजेडावर तुटून पडतात, पिवळ्यावर जरा कमी येतात. वायर पाईपातून, बटण दाराच्या आत कोरड्या भिंतीवर, 900 रुपये. वायरिंग स्वतः करू नका आणि घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, नसेल तर पन्हळीच्याही आधी तो बसवा, ओल्या हाताची जागा आहे ती.

पश्चिमेच्या उन्हाला आणि पावसाळ्यातल्या झडीला हिरवी शेडनेट, 75 टक्के सावलीची, 700 रुपये. वर आणि खाली एकेक बांबू अडकवला की गुंडाळून वर करता येते. निळी ताडपत्री लावून बघितली होती, पडवीत काळोख आणि वाऱ्याने रात्रभर फडफड. माडाच्या झावळ्यांचे झाप विणणारं कुणी गावात असेल तर झापच लावा, त्याची सर कशालाच नाही, आमच्याकडे विणणाऱ्या आजी आता थकल्या.

कुंड्या विकत घेतल्याच नाहीत. गळका हंडा, फुटका माठ, रंगाचे डबे, तळाला भोक पाडून. गवती चहा, ओवा, पुदिना दाराजवळ कारण तिथूनच तोडून आत जायचं असतं. न्हाणीच्या पाण्यावर अळू होताच. कुंडीखाली ताटली ठेवायची नाही, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, भरून ठेवलेली पिंपं पण आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची.

काय घेतलं नाही ते पण सांगते, कारण पैसे तिथेच वाचले. प्लास्टिकचं हिरवळीचं कार्पेट, एका पावसात कुबट. प्लायवूडचं शेल्फ, फुगतं. कौलांखाली पीव्हीसीचं सीलिंग, उंदरांची धर्मशाळा आणि उंदरांच्या मागून जो येतो तो वेगळाच. झोपाळ्याची हौस होती, पण गवंड्याने वाशांकडे बघून मान हलवली.

पहिला पाऊस झाला तेव्हा आईने फोन केला. अकरापैकी एक खूण अजून गळते म्हणाली, न्हाणीच्या कोपऱ्यातली. तिथे तिने पातेलं ठेवलंय, दिवाळीला गेले की बघते. शेडनेट पण तेव्हाच उतरवून धुवायची आहे आणि पन्हळीतला पाचोळा काढायचा आहे.